मॉडेल इंजिनच्या ड्रॉइंगमधल्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात घरच्या लेथवर वाफेची आणि पेट्रोलची छोटी इंजिनं घडवणारी माणसं बरीच आहेत. कोणी चिंचवड-भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, कोणी औंधच्या आयटीआयमधून नुकते बाहेर पडलेले, कोणी आठवडाभर हिंजवडीत काम करून रविवारी लेथपाशी उभे राहणारे. त्यांच्याकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते : "भाग ड्रॉइंगप्रमाणे केला, तरी बसत नाही." पुढचे प्रश्न त्या तक्रारीतून गोळा केले आहेत. मापं वेगळं सांगितलं नसेल तिथे मिलिमीटरमध्ये आहेत. उदाहरणांतले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, ते कुठल्याही विशिष्ट इंजिनाचे नाहीत.

पैसे देऊन घेतलेल्या ड्रॉइंगमध्ये चुका राहतातच कशा?

कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सह्या असतात : काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजूर करणाऱ्याची. पहिल्या लॉटमध्ये काही अडलं की बदल नोंदवला जातो आणि नवी आवृत्ती खाली येते. मॉडेल इंजिनचं ड्रॉइंग बहुतेक वेळा एकट्या माणसाने काढलेलं असतं. इंजिन बनवताना त्याने कनेक्टिंग रॉड थोडा आखूड केला, पण कागदावर जुनाच आकडा राहिला, असं सहज होतं. मग ते ड्रॉइंग कोणीतरी ट्रेस करतं, कोणीतरी इंचाचं मिलिमीटर करतं, कोणीतरी कॅडमध्ये उतरवतं. प्रत्येक हाताबरोबर एखादा आकडा घसरतो.

म्हणूनच या छंदात सगळ्यांत जास्त अडतात ते मोठ्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं काम केलेले लोक. ड्रॉइंग म्हणजे शेवटचा शब्द ही त्यांची शिस्त कारखान्यात अगदी बरोबर होती, कारण त्या कागदामागे अख्खं खातं उभं होतं. इथे ते खातं तुम्हीच आहात. तपासणाऱ्याची सही तुमची, आणि ती मटेरियल चकमध्ये धरण्याआधी व्हायला हवी.

कापायला सुरुवात करण्याआधी नेमकं काय तपासू?

एकेक भाग स्वतंत्रपणे तपासून फारसं हाती लागत नाही. चूक असते ती दोन भागांच्या मधे. म्हणून जोड्या लावा : पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी), कव्हरची भोकं आणि सिलिंडरची भोकं, बेडवरच्या स्टडचं अंतर आणि बेअरिंग ब्रॅकेटच्या पायातल्या भोकांचं अंतर. एका वहीत डावीकडे एका भागाचं माप, उजवीकडे त्याच्या जोडीदाराचं माप, आणि मधे त्यांच्यात किती फरक असायला हवा ते लिहा. शून्य, सरकण्यापुरता, की घट्ट?

मग इंजिन कागदावर फिरवून बघा. क्रँक वर, क्रँक खाली आणि क्रँक आडवा, या तिन्ही जागी पिस्टन, रॉड, क्रॉसहेड (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणारा सरकता भाग) आणि व्हॉल्व्ह कुठे असतील ते काढा. हा हिशोब सगळ्यांत जास्त चुका पकडतो. तो कसा करायचा ते पिस्टनच्या आणि व्हॉल्व्हच्या प्रश्नांत आहे.

शेवटी भागांची यादी घ्या आणि असेंब्ली ड्रॉइंगशी ताडा. यादीत सहा स्टड आणि चित्रात आठ, ही गोष्ट सारखी दिसते.

एकेक माप मिळवलं तर बेरीज ४२ येते आणि एकूण लांबी ४४ लिहिली आहे. कुठला आकडा खरा मानू?

त्या भागाकडे बघून उत्तर मिळणार नाही, शेजारच्या भागाकडे बघा. समजा बेअरिंग ब्रॅकेटवर १२, १८ आणि १२ अशी मापं आहेत. मधलं १८ हे दोन भोकांमधलं अंतर आहे. बेड प्लेटच्या ड्रॉइंगवर त्याच भोकांचं अंतर २० असेल, तर चूक १८ मध्ये आहे आणि ४४ बरोबर आहे.

दोन्हीकडे १८ असेल, तर ४४ वर संशय घ्या. एकूण लांबीला दुसरं काहीच टेकत नसेल, तर ४२ धरून पुढे जा, काही बिघडत नाही. ज्या मापावर दुसरा भाग अवलंबून आहे, त्याचा मान पहिला. जे माप हवेत संपतं, त्याचा शेवटचा.

अक्षरं नीट बघायची सवयही ठेवा. हाताने लिहिलेल्या जुन्या ड्रॉइंगवर ३ आणि ८, तसंच ५/१६ आणि ९/१६ यांची गल्लत नेहमी होते. एक आकडा बदलून सगळी बेरीज चोख जुळली, तर बहुधा तीच चूक होती.

एक माप दिलेलंच नाही. कागदावर पट्टी ठेवून मोजून घेऊ का?

नको. पीडीएफची प्रिंट काढताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की सगळं चित्र काही टक्क्यांनी लहान होतं. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर उभं आणि आडवं प्रमाणही सारखं राहत नाही. निम्म्या स्केलच्या ड्रॉइंगवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या भागात एक मिलिमीटर. इतक्या संशयावर बेअरिंग बसत नाही.

राहून गेलेलं माप जोडीच्या भागातून काढा. क्रॉसहेडच्या स्लॉटची रुंदी नसेल, तर त्यात बसणाऱ्या रॉडच्या टोकाची जाडी अधिक बाजूचा फरक. कव्हरच्या स्पिगॉटचा (बोअरमध्ये शिरणाऱ्या उंचवट्याचा) व्यास नसेल, तर सिलिंडरचा बोअर वजा थोडासा क्लिअरन्स. पट्टी वापरावी ती फक्त ज्या मापावर काहीच अवलंबून नाही तिथे, उदाहरणार्थ ब्रॅकेटची बाहेरची गोलाई. तेव्हाही आधी एखादं माहीत असलेलं माप उभं आणि एक आडवं मोजून प्रिंटचं प्रमाण काढून घ्या.

इंचातलं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये बदलताना चुका का होतात? सरळ २५.४ ने गुणायचं ना?

गुणाकार सोपा आहे, चूक होते ती आकडा गोल करताना. ७/१६ इंच म्हणजे ११.११२५. ते ११ धरलं तर एका भोकाला ०.११ चा फरक पडतो, जो कोणाला जाणवत नाही. पण त्याच अंतरावर ओळीने सात भोकं असतील, तर पहिल्यापासून सातव्यापर्यंत सहा अंतरं : खरी लांबी ६६.६७५, तुमची ६६. शेवटचा स्टड आत जाणार नाही. म्हणून साखळीतली मापं आधी इंचातच बेरीज करून एका कडेपासून लिहा, मग रूपांतर करा, आणि गोल करणं सगळ्यांत शेवटी.

गोल करायचंच असेल तर जोडीतले दोन्ही भाग एकत्र गोल करा. पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ चा बोअर खुशाल २० करा, पण मग पिस्टन, रिंगची खाच, कव्हरचा स्पिगॉट आणि स्टडचं वर्तुळ हे सगळं त्याच्यामागे सरकतं. एक आकडा बदलला आणि बाकीचे तसेच राहिले, म्हणजे मूळ ड्रॉइंग निर्दोष असूनही तुम्ही त्यात नवी चूक घातली.

बाजाराचंही ध्यानात ठेवा. रविवार पेठेत बोहरी आळीत आजही सुताच्या भाषेत माल मागता येतो. आठ सूत म्हणजे एक इंच. पण दुकानदाराने 'तीन सूत' म्हणून दिलेली सळई ९.५२५ आहे की १०, हे घरी येऊन मायक्रोमीटरने बघितल्याशिवाय धरून चालू नका.

ड्रॉइंगमध्ये बीए (ब्रिटिश असोसिएशन, ही जुनी ब्रिटिश पद्धत) थ्रेड आहेत. त्याऐवजी मेट्रिक लावले तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालेल, पण फक्त थ्रेडचा व्यास बघून ठरवू नका. ६ बीए २.८ मिलिमीटरचा आहे, त्याला जवळचा एम ३. मात्र ६ बीएचा नट सपाट बाजूंमध्ये सुमारे ४.९ असतो आणि एम ३ चा ५.५. सिलिंडरच्या फ्लँजवर स्टड आतल्या अंगाला असेल, तर हा नट सिलिंडरच्या अंगाला घासतो आणि फिरतच नाही. तिथे एम २.५ घ्या, त्याचा नट ५ चा असतो. ८ बीएच्या, म्हणजे २.२ च्या, जागी एम २ सहसा चालतो. ४ बीए ३.६ चा आहे, त्याला एम ३.५ जवळ येतो, पण त्याचे टॅप कमी मिळतात, म्हणून बरेच जण एम ४ घेतात आणि नटाच्या जागेत अडकतात.

बीएचा कोन ४७.५ अंश, मेट्रिकचा ६०. त्यामुळे बीएच्या भोकात मेट्रिक स्क्रू दोन आटे जातो म्हणून खूश होऊ नका, तो आटे खात असतो. विकत घ्यायच्या वस्तूंचे, जसं प्रेशर गेज आणि बॉयलर फिटिंग, थ्रेड मात्र आहेत तेच ठेवा. पाव इंच व्यासाचं, इंचाला ४० आट्यांचं फिटिंग घेऊन मग त्याच्यासाठी अडॅप्टर बनवत बसण्यात अर्थ नाही.

भाग बरोबर झाला, पण आरशात दिसावा तसा उलटा. ही ड्रॉइंगची चूक की माझी?

आधी प्रोजेक्शन, म्हणजे भागाच्या बाजूंची चित्रं कागदावर कशी मांडली आहेत, ते बघा. आपल्याकडे कॉलेजात आणि आयटीआयमध्ये फर्स्ट अँगल (उजव्या बाजूचं चित्र डावीकडे) शिकवतात. अमेरिकेतली ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये (उजव्या बाजूचं चित्र उजवीकडेच) असतात, ब्रिटनमधली जुनी ड्रॉइंग दोन्ही पद्धतींत सापडतात, आणि छंदाच्या ड्रॉइंगवर ते चिन्ह बऱ्याचदा नसतंच. ज्या भागाला डावं-उजवं नाही तिथे काही बिघडत नाही. स्टीम चेस्ट (व्हॉल्व्हभोवतीची वाफेची पेटी), एक्सेंट्रिकची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, सेंटर सरकवलेल्या चकतीची) बाजू, बेअरिंगची तेलाची भोकं, कॅमशाफ्ट इथे मात्र भाग वाया जातो.

चिन्ह नसेल तर एखादा असा भाग शोधा, ज्याची खरी बाजू असेंब्लीच्या फोटोत स्पष्ट दिसते. त्यावरून त्या माणसाची पद्धत कळते. पण एकच माणूस सगळ्या पानांवर एकच पद्धत वापरेल याची खात्री नाही, खासकरून मासिकात हप्त्याहप्त्याने छापलेल्या डिझाइनमध्ये. बेडच्या पानावरून पद्धत ठरवली तरी व्हॉल्व्ह गिअरच्या पानावर पुन्हा तपासा.

पिस्टन वर जाऊन कव्हरला टेकतो. हे आधी कसं कळलं असतं?

तीन मापांच्या बेरजेतून. ज्या छोट्या इंजिनात कनेक्टिंग रॉड थेट पिस्टनला लागतो, तिथे क्रँकशाफ्टच्या सेंटरपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची सगळ्यांत जास्त उंची म्हणजे क्रँकचा ऑफसेट (शाफ्टच्या सेंटरपासून क्रँक पिनच्या सेंटरपर्यंतचं अंतर), रॉडची सेंटर-टू-सेंटर लांबी आणि गजन पिनपासून (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनपासून) माथ्यापर्यंतचं अंतर. समजा १०, ४५ आणि ८. बेरीज ६३. आता दुसरी बाजू : क्रँकच्या सेंटरपासून सिलिंडरच्या बुडापर्यंत ३१ आणि सिलिंडरची लांबी ३२. तीही ६३. मधे काहीच उरलं नाही, फक्त गास्केटची जाडी. असं इंजिन हाताने फिरवताना 'टक' असा आवाज येतो, आणि चालवलं तर क्रँक पिन वाकते.

दुरुस्ती कुठे करायची? पिस्टनचा माथा ०.८ ने कमी करणं सगळ्यांत सोपं. रॉड आखूड केला तर तो आडव्या स्थितीत सिलिंडरच्या कडेला लागतो का हे पुन्हा बघावं लागतं. सिलिंडरखाली प्लेट घालणंही चालतं, पण मग व्हॉल्व्हच्या रॉडची लांबीही तितकीच वाढते, आणि ही गोष्ट माणूस विसरतो.

दोन्हीकडून वाफ घेणाऱ्या इंजिनात हिशोब वेगळा. दोन्ही कव्हरच्या स्पिगॉटमधलं अंतर हे स्ट्रोक, पिस्टनची जाडी आणि दोन्ही टोकांचा क्लिअरन्स यांच्या बेरजेइतकं हवं. सिलिंडर ३८ लांब आणि प्रत्येक स्पिगॉट ३ आत जातो, म्हणजे उरले ३२. स्ट्रोक २० आणि पिस्टन ८ धरला तर ४ शिल्लक, प्रत्येक टोकाला २. हे ठीक आहे. पण पिस्टनवरचा नट बाहेर डोकावत असेल तर ते २ तिथेच संपतात. ड्रॉइंगमध्ये नट बहुतेकदा पातळ काढलेला असतो आणि हाताशी असतो तो नेहमीचा जाड.

माझा आग्रह असा की पिस्टन रॉडची लांबी सगळ्यांत शेवटी कापावी. बाकी सगळं जोडा, क्रँक दोन्ही टोकांना नेऊन बघा, मग रॉडला लांबी द्या. अशा एका राखून ठेवलेल्या भागात आधीच्या कितीतरी लहान चुका जिरतात.

स्लाइड व्हॉल्व्ह, पोर्ट आणि एक्सेंट्रिकचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे कसं बघायचं?

वाफेच्या इंजिनाच्या ड्रॉइंगमधल्या सगळ्यांत त्रासदायक चुका इथेच असतात. भाग नीट बसतात, सरकतात, बघायला सुंदर दिसतात, आणि इंजिन चालत नाही. म्हणून उदाहरण पूर्ण सोडवतो.

समजा दोन्ही स्टीम पोर्ट (वाफ सिलिंडरमध्ये नेणाऱ्या फटी) २.५ रुंद, मधला एक्झॉस्ट पोर्ट ५, आणि त्यांच्यामधले दोन पट्टे ३-३. एका टोकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टोकापर्यंत : २.५ अधिक ३ अधिक ५ अधिक ३ अधिक २.५, म्हणजे १६. बाहेरचा लॅप (व्हॉल्व्ह मध्यावर असताना तो पोर्टच्या बाहेरच्या कडेपलीकडे जितका जातो ते अंतर) प्रत्येक बाजूला १.५ हवा असेल तर व्हॉल्व्हची लांबी १६ अधिक ३, म्हणजे १९. आतली पोकळी स्टीम पोर्टच्या आतल्या कडांशी जुळवायची, म्हणजे ५ अधिक ३ अधिक ३, एकूण ११.

पोर्ट पूर्ण उघडायला व्हॉल्व्ह मध्यापासून लॅप अधिक पोर्टची रुंदी इतका सरकायला हवा : १.५ अधिक २.५, म्हणजे ४. दोन्ही बाजू धरून एकूण ट्रॅव्हल ८, आणि एक्सेंट्रिकचा ऑफसेट ४.

ड्रॉइंग नेमकं इथे घसरतं. एक्सेंट्रिकवर लिहिलेला आकडा कोणी ऑफसेट म्हणून लिहितो, कोणी पूर्ण ट्रॅव्हल म्हणून. पुढच्या माणसाने गैरसमजाने तो पुन्हा अर्धा केला तर ऑफसेट २ होतो, आणि लॅप वजा जाता पोर्ट फक्त ०.५ उघडतो. इंजिन जेमतेम फिरतं, लोड घेत नाही. दुप्पट केला तर व्हॉल्व्ह चेस्टच्या भिंतीवर आपटतो. त्यामुळे एक्सेंट्रिक ड्रॉइंगवरून न करता वरच्या हिशोबावरून करा, आणि ड्रॉइंग जुळलं तर समाधान माना.

आणखी दोन गोष्टी. चेस्टची आतली लांबी किमान १९ अधिक ८, म्हणजे २७, आणि वर थोडी मोकळीक हवी. तसंच व्हॉल्व्ह टोकाला गेल्यावर एक्झॉस्ट पोर्ट किती उघडा उरतो ते बघा. आपल्या उदाहरणात ५ पैकी ४ उरतो, आणि स्टीम पोर्टच्या २.५ पेक्षा तो जास्त आहे, म्हणून बाहेर जाणारी वाफ अडणार नाही. ड्रॉइंगमधला मधला पोर्ट अरुंद असेल तर इथे गळा आवळला जातो.

एक्सेंट्रिकचा कोन : मधे दिशा उलटवणारा रॉकर नसेल तर तो फिरण्याच्या दिशेने क्रँकच्या पुढे ९० अंश अधिक लॅपसाठीचा कोन इतका असतो. इथे लॅप १.५ आणि ऑफसेट ४ धरला तर तो जादा कोन सुमारे २२ अंश येतो. असेंब्ली ड्रॉइंगमध्ये एक्सेंट्रिक क्रँकच्या मागे दाखवला असेल तर इंजिन उलट्या दिशेने फिरेल, एवढंच. त्याची काळजी नको. एक्सेंट्रिकला ग्रब स्क्रू ठेवा आणि पक्की पिन इंजिन चालल्यावरच मारा.

कव्हरची भोकं सिलिंडरच्या भोकांवर बसत नाहीत. पीसीडी (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) तर दोन्हीकडे एकच आहे.

मग सुरुवातीचा कोन वेगळा असेल. एका पानावर पहिलं भोक उभ्या सेंटर लाइनवर आणि दुसऱ्यावर दोन भोकांच्या मधे सेंटर लाइन, ही नेहमीची गोष्ट आहे. कुठलं बरोबर ते स्टीमचा मार्ग ठरवतो : पोर्टच्या भोकावर स्टड येता कामा नये.

पीसीडीबरोबर लगतच्या दोन भोकांमधलं अंतरही दिलं असेल तर ताळा करा. पीसीडीला चार भोकांसाठी ०.७०७१ ने, पाचसाठी ०.५८७८, सहासाठी ०.५ आणि आठसाठी ०.३८२७ ने गुणलं की ते अंतर येतं. सहा भोकं, पीसीडी २८, अंतर १४. ड्रॉइंगवर १४.५ असेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे.

खरं तर एकच भाग आखून भोकं पाडा आणि दुसऱ्याची भोकं त्यातून उतरवा. मग ड्रॉइंग काहीही म्हणो, भोकं एकमेकांवर येतात. जुळणीची खूण मात्र आतल्या बाजूला ठोकून ठेवा. नटाच्या जागेबद्दल बीए थ्रेडच्या प्रश्नात लिहिलं आहे.

शाफ्टही ६ आणि बुशचं भोकही ६. मग तो फिरणार कसा?

ही चूक नाही. छंदाच्या ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहीत नाहीत, तो तुम्ही ठरवायचा असतो. फिरणाऱ्या जोडीसाठी एच ७ भोक आणि जी ६ शाफ्ट (ही आयएसओच्या फिटची नावं) : ६ च्या मापाला भोक ६.००० ते ६.०१२ आणि शाफ्ट ५.९८८ ते ५.९९६. आधी भोक रिमरने करा, मग शाफ्ट त्या भोकाला लावून घ्या. शाफ्ट कमी करता येतो, रिमर बदलता येत नाही.

टायमिंग गिअर जाम होतात किंवा ढिले राहतात.

सेंटरमधलं अंतर मोजून ताडा : मोड्यूल (गिअरचा पिच व्यास भागिले दातांची संख्या) गुणिले दोन्ही गिअरच्या दातांच्या बेरजेच्या निम्मे. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून समजा २० आणि ४० दात. मोड्यूल ०.८ असेल तर २४.०० अंतर. मूळ ड्रॉइंग ३२ डीपीचं (डायमेट्रल पिच, म्हणजे पिच व्यासाच्या एका इंचामागे ३२ दात) असेल तर मोड्यूल ०.७९४ च्या आसपास येतो आणि अंतर २३.८१. कोणी मेट्रिक करताना गिअर ०.८ चे घेतले आणि भोकांचं अंतर २३.८१ च ठेवलं, की गिअर जाम. इथे गिअर बदलू नका, भोकांचं अंतर बदला. आणि ३२ डीपीचा गिअर ०.८ मोड्यूलच्या गिअरबरोबर कधीच चालवू नका, जवळचे दिसत असले तरी.

कास्टिंग आणि ड्रॉइंग जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवू?

मटेरियल हातात आहे, म्हणून कास्टिंगवर. पॅटर्न दुरुस्त होत जातात आणि ड्रॉइंग जुनंच राहतं. मशीनिंगला सुरुवात करण्याआधी कास्टिंग सरफेस प्लेटवर ठेवा, हाइट गेजने सगळ्या बाजू बघा, आणि कुठे किती माल आहे ते लिहून काढा. बोअरचा कोअर (ओतताना भोक राखणारा गाभा) एका बाजूला सरकलेला असेल तर बाहेरच्या गोलाईवरून सेंटर न काढता दोन्हींच्या मधला मार्ग काढावा लागतो, म्हणजे भिंत कुठेच फार पातळ होत नाही. एका बाजूला माल कमीच पडत असेल तर तो भाग बारमधून किंवा प्लेटमधून बनवा. मॉडेलच्या आकाराला ते सहज जमतं.

ही चूक आहे की डिझाइन करणाऱ्याने मुद्दाम तसं केलंय?

विचित्र दिसलं म्हणून ते चुकीचं असतंच असं नाही. सिलिंडरची सेंटर लाइन क्रँकच्या सेंटरपासून थोडी बाजूला असणं, सिलिंडरच्या एका टोकाची भिंत जास्त जाड असणं, फ्लायव्हीलचा हब एका बाजूने लांब असणं, यांमागे कारण असू शकतं. परीक्षा अशी : ते विचित्र माप एकाहून जास्त पानांवर सुसंगत आहे का? ऑफसेट बेडवरही आहे, सिलिंडरच्या पायातही आहे, असेंब्लीतही दिसतो, तर तो मुद्दाम आहे. एकाच पानावर असेल तर बहुधा चूक.

भाग बाहेर करून घ्यायचा आहे. ड्रॉइंग तसंच देऊ का?

नऱ्हे, धायरी, भोसरी इथली छोटी वर्कशॉप उत्तम काम करतात, पण ते कागदावर जे आहे तेच करतात आणि तेच त्यांचं काम आहे. चुकीचं ड्रॉइंग दिलं आणि भाग चुकीचा आला, तर पैसे देण्यात खळखळ करू नका. त्या एका भागाचं नवं पान काढा : सगळी मापं मिलिमीटरमध्ये, प्रोजेक्शनचं चिन्ह, मटेरियल, आणि फिटची मापं टॉलरन्ससकट. जमलं तर जोडीचा तयार भाग बरोबर न्या आणि सांगा, "यात हे असं बसायला हवं." टर्नरला ते दहा ओळींच्या सूचनेपेक्षा चटकन कळतं.

कॅडमध्ये पूर्ण असेंब्ली उभी केली तर चुका संपतील ना?

बऱ्याच संपतील. फ्रीकॅडसारखं मोफत साधनही यासाठी पुरतं. भाग एकमेकांत घुसतात का हे तिथे लगेच दिसतं, आणि क्रँक फिरवून बघता येतो. पण कॅडमध्ये भाग काढताना हात नकळत दुरुस्ती करतो : ४२ आणि ४४ च्या भानगडीत प्रोग्रॅम एकच आकडा घेतो आणि दुसरा गुपचूप नाहीसा होतो. तो विसंवाद वहीत लिहून मगच पुढे जा. शिवाय पाना आत जायला जागा आहे का, ड्रिलचा चक फ्लँजला लागतो का, हे कॅड आपण होऊन सांगत नाही. पुठ्ठा कापून, टाचणीवर फिरवून पाहिलेला क्रँक आणि रॉड अजूनही उपयोगाचा आहे.

भाग कापून झाल्यावर चूक कळली. फेकून देऊ?

लगेच नको. मोठं झालेलं भोक बुश घालून पुन्हा मापात आणता येतं. आखूड झालेल्या सिलिंडरला शिम चालतो. चुकीच्या जागी पडलेलं थ्रेडचं भोक त्याच धातूचा प्लग घालून, लॉकटाइटने किंवा सिल्व्हर सोल्डरने बसवून, वरून सपाट केलं की दिसतही नाही. गरम होणाऱ्या जागी सिल्व्हर सोल्डरच वापरा. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि दाब सोसणारा कुठलाही भाग मात्र असा दुरुस्त करू नका, नवा करा.

एक चूक सुधारली तर दुसरीकडे नवीनच अडचण आली.

कधी मूळ ड्रॉइंगमध्ये दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. रॉड १ ने लांब आणि पिस्टन १ ने आखूड असेल, तर तुमच्या आधीच्या दहा जणांचं इंजिन चाललं असेल. तुम्ही फक्त रॉड दुरुस्त केलात आणि पिस्टन बोअरमध्ये खाली राहिला. म्हणून कुठलाही आकडा बदलण्याआधी त्याच्यापासून निघणाऱ्या सगळ्या बेरजा पुन्हा करा. विशेषतः पिस्टनच्या प्रश्नातली उंचीची बेरीज.

बॉयलरच्या ड्रॉइंगमध्ये चूक दिसली तर?

इथे वरचं काहीही लागू होत नाही. पत्र्याची जाडी, स्टे (पत्रे बांधून ठेवणाऱ्या सळया), जोडाचा प्रकार यांतलं काहीही स्वतःच्या अंदाजाने बदलू नका. ज्यांनी बॉयलर बनवले आणि तपासले आहेत अशांना ड्रॉइंग दाखवा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. नव्या बॉयलरची चाचणी पाण्याच्या दाबाने, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबावर घेण्याची रीत आहे. ती हवेने कधीच घेऊ नका. दाबलेली हवा साठलेली ताकद एकदम बाहेर टाकते, पाणी तसं करत नाही.

सापडलेल्या चुका कुठे आणि कशा लिहू?

ड्रॉइंगच्या प्रतीवर लाल पेनाने. जुना आकडा खोडून अदृश्य करू नका, त्यावर एकच आडवी रेघ मारा, शेजारी नवा आकडा, तारीख, आणि चार शब्दांत कारण लिहा. सहा महिन्यांनी तुम्हालाच विचारावं लागतं की हे का बदललं. ड्रॉइंग विकणाऱ्याला किंवा डिझाइन करणाऱ्याला पानाचा क्रमांक, भाग, छापलेलं माप, तुमच्या मते योग्य माप आणि ते कसं काढलं, एवढं सभ्यपणे कळवा. आणि तेच इंजिन करणारे दुसरे कोणी ओळखीचे असतील, तर त्यांना तुमच्या लाल खुणांचा फोटो आजच पाठवा. त्यांचं कास्टिंग अजून चकमध्ये धरलेलं नसेल.

सगळे भाग तपासून केले, तरी इंजिन फिरत नाही. अजूनही ड्रॉइंगच चुकलंय का?

आधी हाताने फिरवा. एखाद्या ठिकाणी जड लागत असेल तर पॅकिंग सैल करा, कनेक्टिंग रॉड काढून नुसता क्रँक फिरवा, मग नुसता पिस्टन सरकवा, आणि जड कुठे आहे ते शोधा. सगळं हलकं फिरत असेल तर स्टीम चेस्टचं कव्हर काढा आणि क्रँक हळूहळू फिरवत दोन्ही पोर्ट सारखे उघडतात का ते डोळ्यांनी बघा. एकच बाजू उघडत असेल तर व्हॉल्व्ह रॉडवरचा नट फिरवून व्हॉल्व्ह मध्यावर आणा. दोन्ही बाजू सारख्याच कमी उघडत असतील तर एक्सेंट्रिकचा ऑफसेट मोजा आणि वरच्या व्हॉल्व्हच्या हिशोबाकडे परत जा. मग कॉम्प्रेसरची एक-दोन बारची हवा द्या, एक्सेंट्रिकचा ग्रब स्क्रू सैल करून थोडा पुढे, थोडा मागे सरकवत बघा. इथपर्यंत आलेलं इंजिन बहुतेक वेळा याच टप्प्यावर चालू होतं.